गाणे कुणाकडून घेतले? आयर्लंडच्या गीतसंग्रहाची सव्वादोनशे वर्षे

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतली गाणी टिपून ठेवण्याचे काम सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आधी हस्तलिखिते झाली, मग छापील ग्रंथ, मेणाच्या नळकांड्या, टेपा आणि आता संगणकावरची दालने. साठा प्रचंड आहे. पण हा इतिहास नीट पाहिला की एकच प्रश्न पुन:पुन्हा समोर येतो. गाणे जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे? चाल, शब्द, गळा, की ज्याच्याकडून ते आले त्या माणसाची ओळख? प्रत्येक पिढीच्या संग्राहकांनी याचे वेगळे उत्तर दिले आणि प्रत्येक उत्तरातून काहीतरी निसटले. माझ्या मते कुठल्याही संग्रहाची कसोटी एकच: त्यातले गाणे पुन्हा गात्या माणसांपर्यंत पोचले का, आणि पोचताना मूळ गायकाचे नाव सोबत गेले का. या कसोटीवर आयर्लंडचा आढावा घेतला, तर यश आणि अपयश दोन्ही स्पष्ट दिसतात.

चाल आली, शब्द मागे राहिले

सुरुवात सहसा 1792 पासून सांगतात. त्या वर्षी जुलैमध्ये बेलफास्ट शहरात जुन्या पद्धतीच्या हार्पवादकांचा मेळावा भरला. सरदारांच्या आश्रयावर जगणारी ही कला तेव्हा अखेरच्या घटका मोजत होती आणि मोजकेच वादक जमले. त्यांतला डेनिस हेम्प्सन नव्वदी ओलांडलेला आणि अंध होता. वाढवलेल्या नखांनी तारा छेडण्याची जुनी रीत त्याने शेवटपर्यंत सोडली नव्हती. या वादकांच्या चाली उतरवून घेण्यासाठी आयोजकांनी एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला नेमले. त्या कामाने बंटिंग आयुष्यभरासाठी भारला गेला. त्याच्या संग्रहाचा पहिला खंड 1790च्या दशकातच निघाला, दुसरा 1809 मध्ये आणि तिसरा 1840 मध्ये.

पण बंटिंगला आयरिश भाषा येत नव्हती. चाली त्याच्या कानाने टिपल्या, शब्द राहून गेले. म्हणून 1802 मध्ये पॅट्रिक लिंच या आयरिश जाणणाऱ्या शिक्षकाला शब्द गोळा करायला पश्चिमेकडच्या कॉनाक्ट प्रांतात पाठवले. लिंच मेयो भागात हिंडला आणि लोकांकडून कडवी लिहून घेऊन परतला. पुढे 1809चा खंड निघाला तेव्हा त्यात लिंचने आणलेले आयरिश शब्द नव्हते. चालींखाली इंग्रजी कवींच्या नव्या रचना छापल्या होत्या आणि सगळे पियानोवर वाजवता येईल असे बसवले होते. ग्राहक शहरी, इंग्रजी बोलणारा, दिवाणखान्यात पियानो असलेला होता. गाणे त्याच्या मापाचे करून दिले गेले. थॉमस मूरने याच चालींतल्या कितीतरी उचलून 1808 पासून आपली ‘आयरिश मेलडीज’ प्रसिद्ध केली आणि ती युरोपभर गाजली. ज्यांच्या तोंडी मूळ गाणी होती, त्यांच्यापर्यंत यातले फार थोडे पोचले.

लिंचची कडवी कागदपत्रांत पडून राहिली. 1927 ते 1939 या काळात डॉनल ओसलिव्हनने बंटिंगच्या हस्तलिखितांचे नव्याने संपादन केले आणि चाली व आयरिश शब्द पुन्हा शेजारी आणले. ती कागदपत्रे आज बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहेत. एका गाण्याचे दोन तुकडे जुळायला शतकाहून अधिक काळ लागला.

गायकाला परत वाजवून दाखवणे

पुढचा मोठा संग्राहक जॉर्ज पेट्री. तो चित्रकार होता, पुरातत्त्वज्ञ होता आणि फिडलही वाजवत असे. 1845 मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत दुष्काळाने व साथींनी सुमारे दहा लाख माणसे दगावली. तितक्याच लोकांनी देश सोडला. सर्वांत जास्त मार बसला तो आयरिश बोलणाऱ्या पश्चिमेला, म्हणजे गाण्यांच्या माहेरालाच. रानात, रस्त्यावर, घराघरांत ऐकू येणारे गाणे थांबल्याची खंत पेट्रीने स्वतः नोंदवली आहे. 1851 मध्ये आयरिश संगीताच्या जतनासाठी संस्था निघाली, पेट्री तिचा अध्यक्ष झाला आणि 1855 मध्ये त्याचा ग्रंथ आला.

याच ग्रंथात लिमावाडीच्या जेन रॉस या बाईंनी पाठवलेली एक निनावी चाल छापली गेली. पुढे ती ‘लंडनडेरी एअर’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि 1913 मध्ये फ्रेडरिक वेदर्ली या इंग्रज वकिलाने तिच्यावर ‘डॅनी बॉय’चे शब्द बसवले. आयरिश म्हणून जगाला सर्वांत जास्त ठाऊक असलेली ही चाल कुणाकडून ऐकली, त्या वादकाचे नाव पेट्रीच्या पुस्तकात नाही. पाठवणाऱ्या बाईंचे आभार आहेत, वाजवणाऱ्याचा उल्लेख नाही. त्या काळच्या संग्राहकांची दृष्टी यातून कळते. चाल ही देशाची ठेव, वाजवणारा केवळ तिचे वाहन.

तरीही पेट्रीने एक चांगली रीत घालून दिली. 1857 मध्ये तो आणि भाषापंडित यूजीन ओकरी ॲरन बेटांवर गेले. संध्याकाळी एखाद्या घरात शेकोटीजवळ गायक किंवा गायिका बसे. ओकरी शब्द उतरवी, पेट्री चाल. मग पेट्री ती फिडलवर वाजवून दाखवी. चाल बरोबर उतरली की नाही, याचा निवाडा तिथल्या तिथे गाणाऱ्याच्या कानापुढे होई. शब्द आणि चाल एकाच बैठकीत, जाणकारांच्या जोडीने टिपायची आणि गायकाकडून तपासून घ्यायची, ही शिस्त पुढच्या शंभर वर्षांत फार थोड्यांनी पाळली.

लिमरिकच्या डोंगराळ भागात वाढलेल्या पी. डब्ल्यू. जॉइसची गोष्ट निराळी. त्याने लहानपणी घरी आणि गावात ऐकलेली गाणी आठवून लिहिली. पेट्रीलाही पुष्कळ दिली. 1909च्या त्याच्या ग्रंथात 842 चाली व गाणी आहेत. इथे संग्राहक बाहेरून आलेला पाहुणा नव्हता, तो स्वतःच परंपरेचा वारस होता. उलट डग्लस हाइडने 1893 मध्ये कॉनाक्टची प्रेमगीते प्रसिद्ध केली ती कविता म्हणून, चालींविना. बंटिंगकडे चाली होत्या आणि शब्द राहिले, हाइडकडे शब्द होते आणि चाली राहिल्या.

वर्तमानपत्र, शाळा आणि सायकल

विसाव्या शतकात तीन वेगळे प्रयोग झाले आणि तिन्ही आजही शिकण्यासारखे आहेत.

पहिला उत्तरेत, कोलरेन गावी. सॅम हेन्री हा सरकारी अधिकारी. वृद्धांच्या पेन्शनच्या कामामुळे त्याचे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाणे-येणे असे. 1923 ते 1939 या काळात ‘नॉर्दर्न कॉन्स्टिट्यूशन’ या स्थानिक साप्ताहिकात ‘साँग्ज ऑफ द पीपल’ हे सदर चालले. त्यात गाण्याचे शब्द आणि सा-रे-ग-म सारख्या अक्षरी स्वरलिपीत चाल छापली जाई. वाचक स्वतः गाणी पाठवत, छापलेल्यात दुरुस्त्या सुचवत, कात्रणे जपून ठेवत. गाणे ज्या भागातून आले, त्याच भागात ते आठवड्याभरात परत जाई. माझ्या कसोटीवर सॅम हेन्रीचे सदर पहिल्या रांगेत बसते.

दुसरा प्रयोग सरकारी होता. 1935 मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. शेमस ओ डिलर्गा त्याचा संचालक. पगारी संग्राहक एडिफोन हे मेणाच्या नळकांडीवर ध्वनी कोरणारे जड यंत्र घेऊन हिंडत. पैसा इतका तुटपुंजा की मजकूर कागदावर उतरला की नळकांडी तासून पुन्हा वापरायची. हजारो माणसांचे बोलणे आणि गाणे लिहून राहिले, आवाज मात्र तासला गेला. 1937 ते 1939 मध्ये आयोगाने प्राथमिक शाळांना हाताशी धरले. सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांनी आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून वह्या भरल्या. त्यांत गाण्यांचे शब्द विपुल आहेत आणि सांगणाऱ्याचे नाव, गाव, वयही बहुधा नोंदलेले आहे. आयोगाचा हा सारा संग्रह 2017 मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत दाखल झाला.

तिसरा प्रयोग म्हणजे एक माणूस आणि त्याची सायकल. शेमस एनिस हा मोठ्या तोलाचा पाइपवादक. 1942 ते 1947 या काळात तो आयोगाचा संगीत-संग्राहक होता. महायुद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते. कागद, पेन आणि तल्लख कान घेऊन तो कॉनेमारापासून डोनिगॉलपर्यंत हिंडला. ज्या भागात जाई तिथली बोली तिथल्यासारखी बोले. कुणी पीट खणत असेल, कुणी मासेमारीला निघाले असेल, तर तो कामाला हात लावी. संध्याकाळी पाइप वाजवी आणि मग गाणी येत. कॉनेमाराच्या ग्लिन्स्क भागातल्या कॉलम ओ कीआन या कोळी-शेतकऱ्याकडून त्याला दोनशेहून अधिक गाणी व चाली मिळाल्या. दोघांची मैत्री झाली आणि एनिसच्या रोजनिशीत ती पानोपानी दिसते. एनिस घेणारा होता तसा देणाराही होता. त्याला मिळालेले भांडार या देवाणघेवाणीचे फळ होते.

यंत्रात आलेला आवाज

टेपरेकॉर्डर आला आणि पूर्वी कागदावर कधीच न उतरलेली गोष्ट हाती आली: गायकी. शान-नोस ही आयरिश भाषेतली जुन्या धाटणीची गायकी साथीविना, एका गळ्याने गायली जाते. लय शब्दांच्या ओघाने चालते. मुरक्या आणि हरकती अक्षरांच्या अंगाने येतात आणि पहिल्या कडव्यातले नक्षीकाम तिसऱ्या कडव्यात तसेच येईल असे नाही. पाच रेघांच्या लिपीत याचा सांगाडा उतरतो, जीव उतरत नाही.

1951च्या जानेवारीत अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स आयर्लंडला आला. वाट दाखवायला एनिस होता. पुढे एनिस बीबीसीत गेला आणि 1953 पासून ‘ॲज आय रोव्हड आउट’ हा कार्यक्रम घरोघरी पोचला. त्याचे शीर्षकगीत आर्मा काउंटीतल्या कीडी गावच्या सेरा मेकम यांचे. गृहिणीचा स्वयंपाकघरातला आवाज ब्रिटन आणि आयर्लंडभर ऐकू येऊ लागला.

या काळातली सर्वांत लक्षणीय गायिका पश्चिम कॉर्कमधल्या बेस क्रोनिन. जन्म 1879, मृत्यू 1956. आईकडून आणि शेतावर कामाला असलेल्या गड्या-मोलकरणींकडून त्यांनी आयरिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांतली गाणी उचलली होती. आयोग, बीबीसी, लोमॅक्स, अमेरिकन गायिका जीन रिची असे अनेक जण त्यांच्या दारी गेले. ध्वनिमुद्रणे त्यामुळे चारी दिशांना विखुरली. 2000 मध्ये त्यांचे नातू, इतिहासकार दाही ओ क्रोनीन यांनी ती सारी एकत्र करून ग्रंथ आणि ध्वनिमुद्रिका काढल्या. गाणी कुटुंबाच्या हाती परत आली आणि तिथून सर्वांच्या.

संग्राहकांनी कोणाला वगळले

प्रत्येक संग्रहात निवड असते. स्वातंत्र्याच्या चळवळीच्या प्रभावाने आयरिश भाषेतल्या गाण्यांना मान मिळाला आणि इंग्रजीतली कथागीते बराच काळ परकी मानली गेली. अश्लील गाणी, ताज्या घटनांवरची गाणी, शहरातली गाणी मागे राहिली. आणि सर्वांत उपेक्षित राहिले ते ट्रॅव्हलर, म्हणजे कल्हई-पत्र्याची कामे करत, घोडे विकत गावोगाव हिंडणारे भटके लोक.

टॉम मनेली हा डब्लिनच्या कारखान्यात काम करणारा तरुण. त्याने 1960च्या दशकात रॉसकॉमन काउंटीतल्या बॉइल गावी जॉन राइली या ट्रॅव्हलर पत्र्याच्या कारागिराचा आवाज मुद्रित केला. राइलीकडे ‘द मेड अँड द पामर’ या कथागीताचा पाठ होता. प्राध्यापक चाइल्ड यांच्या 305 कथागीतांच्या प्रसिद्ध ग्रंथात ते 21व्या क्रमांकावर आहे आणि लोकांच्या तोंडून ते कधीच लोपले, अशी अभ्यासकांची समजूत होती. निरक्षर, बेघर माणसाने ते चालीसकट सांभाळले होते. राइली 1969 मध्ये गेला. चाळिशी नुकती ओलांडली होती. थंडीत, मोडक्या घरात राहिल्याने न्यूमोनिया झाला. चार वर्षांनी प्लँक्सटी या गटाने त्याच गाण्याच्या ‘द वेल बिलो द व्हॅली’ या दुसऱ्या नावाने आपली तबकडी काढली आणि क्रिस्टी मूर यांच्या गळ्यातून ते जगभर गेले. राइलीचे नाव मूर यांनी कायम घेतले, हे त्यांचे मोठेपण. तरी गाण्याला मिळालेले आयुष्य गाणाऱ्याला मिळाले नाही. जो समाज एखाद्याचे गाणे डोक्यावर घेतो, त्याने त्या माणसाच्या डोक्यावर छप्पर आहे का हेही पाहायला हवे.

मनेली 1971 पासून पगारी संग्राहक झाला आणि पुढे क्लेअर काउंटीत मिलटाउन मालबेला स्थायिक झाला. आयर्लंडमध्ये एका व्यक्तीने केलेल्या गीत-मुद्रणांत त्याचा साठा सर्वांत मोठा मानला जातो. तो निवडून घेत नसे. गायक जे गाईल ते सर्व घ्यायचे, मग ते जुने कथागीत असो की कालचे सिनेमाचे गाणे. टॉम लेनिहन या शेजारच्या शेतकऱ्यावरचा त्याचा 1994चा ग्रंथ एका माणसाच्या संपूर्ण गाणेसंचाचे चित्र आहे. त्याआधी ह्यू शील्ड्सने डेरी काउंटीतल्या एडी बुचर या गायकाबाबत हेच केले होते. लक्ष सुट्या गाण्यावरून गाणाऱ्या माणसाकडे वळले, हा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल वाटतो.

गाण्याच्या स्वतःच्या वाटा

संग्राहक येवोत न येवोत, गाणी फिरतच होती. पॅडी टनी आपल्या आईकडून, ब्रिजिड टनींकडून शिकले. ही घरातली वाट. लेन ग्रॅहम या तरुणाला अँट्रिम काउंटीतले वयस्क फिडलवादक-गायक जो होम्स भेटले. दोघे वर्षानुवर्षे जोडीने गात राहिले आणि होम्स यांची गाणी ग्रॅहमकडे आली. ही मैत्रीची वाट. हंगामी कामगार स्कॉटलंडहून कथागीते घेऊन येत, म्हणून उत्तरेकडच्या गाण्यांत स्कॉटिश सूर ऐकू येतो. ही पोटासाठी तुडवलेली वाट.

छापील कागदाचीही वाट होती. एका पानावर छापलेली गाणी जत्रेत गाऊन विकली जात. केरी काउंटीतला ट्रॅव्हलर मिकीन मॅकार्थी याने जिम कॅरल आणि पॅट मॅकेंझी या संग्राहकांना सांगितलेली हकिगत मोलाची आहे. तो छापखान्यात जाऊन आपल्या वडिलांचे गाणे तोंडी सांगे, छापणारा ते जुळवी आणि ते पान जत्रेत विकले जाई. विकत घेणारा ते वाचून पाठ करी. तोंडातून कागदावर, कागदावरून पुन्हा तोंडात. मौखिक आणि लिखित या दोन परंपरांमध्ये आपण जी भिंत उभी करतो, ती या माणसांनी कधीच मानली नाही.

आणि परदेशाची वाट. कॉनेमारातल्या कार्ना भागात 1919 मध्ये जन्मलेले जो हीनी इंग्लंडला गेले, मग न्यूयॉर्कला. तिथे एका उंची इमारतीत ते द्वारपालाचे काम करत. उतारवयात सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी शिकवले आणि 1982 मध्ये अमेरिकेचा नॅशनल हेरिटेज सन्मान त्यांना मिळाला. गाण्याआधी ते त्याची कथा सांगत: कुणावर संकट आले, कुणी कुणाला फसवले, कुणाचा मुलगा बुडाला. आयरिश गाणी बहुधा प्रसंग सविस्तर सांगत नाहीत, त्या प्रसंगात सापडलेल्या माणसाचे मन बोलते. कथा ठाऊक नसेल तर गाणे अर्धेच कळते. म्हणून गाणे देणारा कथाही देतो.

बैठकीचे रिवाज

डब्लिनचे गोइलिन हे गायकांचे मंडळ 1979 पासून चालू आहे. डोनिगॉलच्या इनिशोवेन द्वीपकल्पावर दर वर्षी गायकांचे संमेलन भरते. अशा बैठकींत पाळले जाणारे रिवाज कुठल्याही कायद्यापेक्षा पक्के आहेत. गाणे चालू असताना बोलायचे नाही, पण योग्य जागी दाद द्यायची. गायक अडखळला तर पुढचा शब्द हळूच पुरवायचा. शान-नोस गायकाच्या शेजारी बसलेला कधी त्याचा हात हातात घेऊन गाण्याच्या लयीत फिरवत राहतो. एखादे गाणे एखाद्याचे म्हणून ओळखले जात असेल, तर तो बैठकीत असताना दुसऱ्याने ते गायचे नाही. आणि गाणे कुणाकडून मिळाले, ते सांगून गायचे.

हा शेवटचा रिवाज मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पेट्रीच्या ग्रंथात जी जागा रिकामी राहिली, ती साध्या बैठकीत रोज भरली जाते. ‘हे मला अमक्याकडून मिळाले’ एवढ्या वाक्यात मालकी नाकारली जाते आणि ऋण मान्य केले जाते.

दप्तरातून गळ्यात

आज साठे उघडे झाले आहेत. 1987 मध्ये डब्लिनला आयरिश पारंपरिक संगीताचे अभिलेखागार स्थापन झाले. शाळकरी मुलांच्या वह्या ‘दूखस’ या संकेतस्थळावर वाचता येतात आणि त्यांचे अक्षर उलगडून टंकित करण्याचे काम स्वयंसेवक करतात. कॅरल-मॅकेंझी यांचा क्लेअरचा संग्रह तिथल्या काउंटी ग्रंथालयाने खुला केला आहे. ज्या गावात गाणे मुद्रित झाले, त्याच गावातली नात आज पणजीचा आवाज फोनवर ऐकू शकते.

जिथे आयरिश भाषाच बोलायची थांबली, तिथेही काम झाले. उत्तर-पूर्वेकडच्या ओरिएल भागातली गाणी पॉद्रिगीन नी ऊलाखॉन यांनी जुनी हस्तलिखिते आणि ध्वनिमुद्रणे धुंडाळून, शब्द आणि चाली जुळवून पुन्हा गायला घेतली. 2003 मध्ये त्यांचा ग्रंथ आला. त्या स्वतः गायिका आहेत, म्हणून कागदावर जुळलेले गाणे गळ्यात बसते का, हेही त्यांना तपासता आले.

धोकेही आहेत. एकच मुद्रण सर्वांच्या कानी गेले की तोच ‘खरा’ पाठ ठरतो. पूर्वी दहा गावांत दहा रूपे होती, आता सगळे एकाच रूपाची नक्कल करू लागतात. ओइराख्तस महोत्सवातल्या मानाच्या कॉर्न ई रीआदा स्पर्धेने शान-नोसला प्रतिष्ठा दिली, पण परीक्षकांना रुचणारी एक ठरावीक घडणही त्यातून रूढ होऊ शकते. यंत्रावरून शिकणाऱ्याला गाणे मिळते, पण दाद, दुरुस्ती आणि कथा मिळत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

म्हणून संग्राहकांनी आणि अभिलेखागारांनी तीन गोष्टी धरून ठेवाव्यात असे मला वाटते. गाण्यासोबत त्याची परंपरा नोंदवावी: कुणाकडून, कुठे, कशा प्रसंगी. एका गाण्याची वेगवेगळी रूपे शेजारी शेजारी ठेवावीत, म्हणजे शिकणाऱ्याला कळेल की बदल हा दोष नाही. आणि जिवंत गायकांना साठ्याच्या कामात मान, मोबदला आणि अधिकार द्यावा, कारण कुठले गाणे कुणाच्या हाती द्यायचे, याचे शहाणपण त्यांच्याकडे आहे. बंटिंगच्या काळी जे काम मरत्या कलेची शेवटची नोंद म्हणून सुरू झाले, ते आज शिकवण्याचे काम झाले आहे. आयर्लंडच्या गायकांनी हे संग्राहकांच्या आधी ओळखले होते. गाणे ज्याला द्यायचे तो समोर बसलेला असावा, आणि पुढे त्याने ते स्वतःच्या पद्धतीने, पण देणाऱ्याचे नाव घेऊन गावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती पुरी करणारा संग्रहच संग्रह म्हणवून घ्यायला पात्र आहे.